असईचा सेनापती आणि माघारीची विद्या

आज ज्या पुरुषाचे चरित्र आपणांसमोर मांडावयाचे आहे, तो आपला मित्र नव्हता. किंबहुना मराठी सत्तेच्या मुळावर ज्यांनी घाव घातले, त्यांत त्याची गणना अग्रभागी करावी लागते. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. पुढे जग त्यास ड्यूक ऑफ वेलिंग्टन या नावाने ओळखू लागले. वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पाडाव करणारा सेनापती म्हणून त्याचे नाव शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु हाच मनुष्य पुढे इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला, आणि त्या पदावर त्यास काय साधले व काय साधले नाही, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

टेंभुर्णीसारख्या गावी राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाने विलायतेच्या मुख्य प्रधानाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या गावापासून थोड्या कोसांवरच आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे एक लहानसे खेडे आहे. जालना जिल्ह्याच्या बाहेर त्याचे नाव फारसे कोणाच्या तोंडी नसते. परंतु या खेड्याच्या शिवारात २३ सप्टेंबर १८०३ रोजी जी लढाई झाली, तिने वेलस्लीच्या भाग्याचा दरवाजा उघडला. पुढे म्हातारपणी, तुमच्या हातून घडलेले युद्धातील सर्वोत्तम कृत्य कोणते, असे कोणी विचारले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, असे त्याच्या परिचितांनी नमूद करून ठेवले आहे. म्हणून त्याच्या राजकारणाचा हिशेबही असईपासूनच मांडणे योग्य होय.

आर्थरचा जन्म सन १७६९ मध्ये आयर्लंडातील डब्लिन शहरी एका उमराव घराण्यात झाला. घराण्याचे नाव मोठे, परंतु पैशाची तंगी. ईटनच्या शाळेत त्याने काही चमक दाखविली नाही. फ्रान्समधील आंझे येथे तो अश्वविद्या शिकला आणि सन १७८७ मध्ये सैन्यात अगदी खालच्या अधिकाऱ्याच्या जागेवर लागला. त्या काळी इंग्रजी सैन्यातील अधिकाऱ्यांच्या जागा पैसे मोजून विकत घेता येत. कुटुंबाच्या पैशावर आणि वशिल्यावर चढत चढत सन १७९३ मध्ये तो ३३व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. नवल असे की, रणांगणावर नाव होण्यापूर्वीच त्याने राजकारणाची पायरी चढली होती. सन १७९० पासून तो आयर्लंडच्या पार्लमेंटात ट्रिम गावाचा प्रतिनिधी होता. ती जागा घराण्याच्या वजनाची, जनतेच्या पसंतीची नव्हे. निवडणूक म्हणजे घरातील वाटणी, हा संस्कार त्याच्या मनावर कोवळ्या वयात झाला, आणि तो पुढे त्यास भोवला.

सन १७९७ मध्ये तो कलकत्त्यास उतरला. पुढल्याच वर्षी त्याचा वडील बंधू रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. सन १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला, आणि त्या शहराचा कारभार आर्थरकडे आला. सन १८०० मध्ये त्याने धोंडजी वाघाचा पाठलाग करून त्यास लढाईत मारले. पण त्याच धोंडजीचा पोरका मुलगा हाती लागला, तेव्हा त्याच्या पालनाची व्यवस्थाही केली. शत्रू संपला की वैर संपले, ही वृत्ती त्याच्या ठिकाणी होती.

यानंतरची हकीकत मराठी माणसाने खाली मान घालूनच सांगावयाची. सन १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ यशवंतराव होळकराने पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. बाजीराव पळाला, इंग्रजांच्या आश्रयास गेला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर सही करून मोकळा झाला. त्या एका सहीने पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण पडले. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या छायेत बाजीराव पुन्हा गादीवर बसला. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांस हा तह मानवला नाही. होळकर मात्र अलिप्त राहिला. घरातील तीन भाऊ तीन दिशांस तोंडे करून बसले असता चौथ्याने घर लुटावे, तसे झाले. ऑगस्टात युद्ध पुकारले गेले आणि त्याच महिन्यात अहमदनगरचा किल्ला वेलस्लीच्या हाती पडला.

शिंदे-भोसल्यांची फौज अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात उतरली होती. २१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे वेलस्ली आणि त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हनसन यांची मसलत झाली, आणि दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेस एकत्र हल्ला करावा असे ठरले. परंतु २३ तारखेसच वेलस्लीस कळले की, शत्रूची सर्व फौज अगदी जवळ, केळणेच्या पलीकडे आहे. स्टीव्हनसनची वाट पाहावी, तर शत्रू निसटेल अशी भीती. त्याच्याजवळ प्रत्यक्ष हल्ल्यास उपयोगी असे कवायती शिपाई व घोडेस्वार मिळून सुमारे साडेचार हजार होते. समोर जर्मन सरदार पोलमन याच्या हाताखालची सुमारे दहा हजार कवायती पायदळ, शंभरांच्या घरात तोफा, आणि त्याखेरीज हजारो घोडदळ उभे होते.

नदीस उतार कोठे आहे, हा प्रश्न पडला. वाटाड्यांनी सांगितले की, जवळपास उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली. त्याच्या कागदांत त्यांची नावे पीपलगाव व वारूर अशी आली आहेत. इतकी जवळ जवळ वसलेली दोन गावे एकमेकांकडे जाण्यायेण्याच्या वाटेवाचून राहणार नाहीत, असा तर्क त्याने केला. तेथे उतार होता. सर्व लढाईचे मर्म या एका निरीक्षणात आहे. लोक कसे राहतात हे पाहून त्याने नदीचा अंदाज घेतला.

नदी उतरल्यावर जे झाले, ते मात्र भयंकर होते. शिंद्यांच्या तोफखान्याने असा मारा केला की, इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल व तोफांवरचे लोक पटापट पडू लागले. ७४वी पलटण चुकून असई गावाच्या अगदी पुढ्यात गेली आणि जवळजवळ निकामी झाली. तोफा इंग्रजांच्या हाती गेल्यावरही काही मराठी गोलंदाज मेल्याचे सोंग करून पडून राहिले, आणि शत्रूची रांग पुढे जाताच उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर त्यांनी वळविल्या. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसरा भाल्याने जखमी झाला. सायंकाळपर्यंत मैदान इंग्रजांचे झाले. ९८ तोफा त्यांच्या हाती पडल्या. परंतु त्यांचे ४२८ लोक ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले होते. म्हणजे लढलेल्या माणसांपैकी तिसरा हिस्सा कामास आला. मराठ्यांकडील ठार व जखमींची संख्या सहा हजारांच्या आसपास धरतात. यातील शिपाई दोन्ही बाजूंस बहुतांशी याच देशाचे होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पुढे अडगावची लढाई, गाविलगडाचा पाडाव, आणि डिसेंबरात देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथील तह. वर्ष संपण्यापूर्वीच मराठी राज्याचा कणा मोडला होता.

श्रोतेहो, असईचा हा प्रसंग इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, त्यात वेलस्लीच्या स्वभावाची एक बाजू पूर्णपणे दिसते. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा, दुसऱ्याच्या सल्ल्याची फारशी गरज नाही, आणि एकदा नदी उतरली की मागे पाहणे नाही. परंतु यशाची जी किंमत त्या सायंकाळी त्याने मोजली, तिने त्यास दुसरी बाजूही शिकविली असावी. कारण पुढे स्पेन-पोर्तुगालच्या युद्धात आपणांस निराळाच वेलिंग्टन दिसतो. सन १८१० मध्ये फ्रेंच सेनापती मासेना मोठी फौज घेऊन चालून आला, तेव्हा त्याने लिस्बनच्या उत्तरेस तोरेस व्हेद्रास येथे आधीच गुप्तपणे बांधून ठेवलेल्या तटबंदीच्या मागे आपले सर्व सैन्य घेतले. विलायतेत त्याच्यावर टीका झाली. पण तटाबाहेर मासेनाची फौज उपासमारीने खंगली आणि सन १८११ च्या मार्चात परत फिरली. योग्य वेळी, योग्य जागी घेतलेली माघार हाही विजयाचाच एक प्रकार होय, हे त्याने तेथे सिद्ध केले. १८ जून १८१५ रोजीच्या वॉटर्लूनंतर त्याच्या कीर्तीस सीमा राहिली नाही.

आता राजकारण. हिंदुस्थानातून परतल्यावर सन १८०६ मध्ये तो पार्लमेंटात गेला होता आणि आयर्लंडच्या कारभाराचा चिटणीसही झाला होता. सन १८१८ च्या अखेरीस तो लॉर्ड लिव्हरपूलच्या प्रधानमंडळात आला, आणि जानेवारी १८२८ मध्ये चौथ्या जॉर्ज राजाने त्यास मुख्य प्रधान केले. त्या वेळी तो सरसेनापतीही होता. ते पद त्यास सोडावे लागले. मुख्य प्रधानाच्या हाती फौजेचा हुकूम असू नये, हा तेथील मंडळींचा आग्रह होता. ही लहानशी वाटणारी अट फार मोलाची आहे.

प्रधानमंडळ म्हणजे पलटण नव्हे, याचा प्रत्यय त्यास चार महिन्यांतच आला. हस्किसन नावाच्या प्रधानाने एका मतभेदावरून राजीनाम्याचे पत्र धाडले. ते रागाच्या भरात लिहिलेले, परत घेण्याजोगे होते; दुसऱ्या एखाद्या मुत्सद्द्याने त्यास बोलावून समजूत घातली असती. वेलिंग्टनने राजीनामा म्हणजे राजीनामा, असे समजून तो राजापुढे ठेवला. हस्किसनबरोबर त्याचे मित्रही गेले. रिकाम्या जागांपैकी व्यापारखात्याची जागा व्हेसी फिट्झजेराल्ड या गृहस्थास दिली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नव्या प्रधानास आपल्या मतदारांकडून पुन्हा निवडून यावे लागे. त्याचा मतदारसंघ आयर्लंडातील क्लेअर. तेथे जुलै १८२८ मध्ये त्याच्याविरुद्ध उभा राहिला डॅनिएल ओकॉनेल, आणि दुपटीहून अधिक मते मिळवून निवडून आला.

येथे पेच असा होता की, ओकॉनेल रोमन कॅथलिक होता, आणि सतराव्या शतकापासून कॅथलिकांस पार्लमेंटात बसण्याची बंदी होती. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक. तिने निवडलेला मनुष्य दाराबाहेर उभा. आता त्यास आत घ्यावे, की आयर्लंडात यादवी युद्ध ओढवून घ्यावे? वेलिंग्टनच्या पक्षातील पुष्कळ लोक या सवलतीच्या विरुद्ध होते आणि तो स्वतःही आजवर विरुद्ध बाजूसच गणला जात होता. राजा तर शपथेचे नाव काढून अश्रू ढाळू लागला.

येथे या सेनापतीने माघार घेतली, आणि ती तोरेस व्हेद्राससारखीच विचारपूर्वक घेतली. त्याने मंत्री पील यास वळविले, राजास राजीनाम्याचा धाक घातला, उमरावांच्या सभेत स्वतः उभा राहून कायदा मांडला. मी आयुष्य युद्धात घालविले आहे. माझ्या देशात एक महिनाभरही यादवी होऊ नये म्हणून मी प्राण देण्यास तयार आहे, अशा आशयाचे तो त्या सभेत बोलला. असईची सायंकाळ पाहिलेल्या मनुष्याच्या तोंडी या शब्दांस वजन होते. अर्ल ऑफ विंचिल्सी याने त्याच्यावर धर्मद्रोहाचा आरोप केला, तेव्हा मुख्य प्रधान असूनही त्याने द्वंद्वास आव्हान दिले, आणि मार्च १८२९ मध्ये लंडनमधील बॅटरसी येथे दोघांनी पिस्तुले झाडली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही आणि विंचिल्सीने लेखी क्षमा मागितली. १३ एप्रिल १८२९ रोजी कायद्यास राजाची संमती मिळाली. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वेळी आयर्लंडातील मतदानाची मिळकतीची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेण्यात आली, आणि ज्या गरीब शेतकऱ्यांनी ओकॉनेलला निवडले होते त्यांतील पुष्कळांचे मत गेले. सेनापतीने माघार घेतली खरी, परंतु जाताना पूल मोडून गेला.

याच मनुष्याने पुढल्या वर्षी नेमके उलट केले. इंग्लंडात त्या काळी ओल्ड सारमसारख्या ओसाड जागेस दोन प्रतिनिधी होते, आणि मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहरास एकही नव्हता. सुधारणेची मागणी वाढत होती. जुलै १८३० मध्ये पॅरिसास क्रांती झाली होती. अशा वेळी २ नोव्हेंबर १८३० रोजी वेलिंग्टनने उमरावांच्या सभेत सांगितले की, आमच्या प्रतिनिधित्वाची पद्धत इतकी उत्तम आहे की, हिच्याहून चांगली कल्पिता येणार नाही, आणि मी अधिकारावर आहे तोवर हिच्यातील बदलास विरोध करीन. दोन आठवड्यांत त्याचे प्रधानमंडळ कोसळले. ट्रिमच्या जागेचा संस्कार येथे नडला. ज्याने दोन गावे पाहून नदीचा उतार ओळखला, त्यास लंडनच्या रस्त्यांवरून चाललेला लोकप्रवाह ओळखता आला नाही. याचे कारण शोधावयास दूर जाणे नको. असईस तो पाहावयास गेला होता. येथे त्याने पाहण्यापूर्वीच ठरविले होते.

लोकांचा रोष मोठा झाला. एप्रिल १८३१ मध्ये सुधारणेचा आनंदोत्सव म्हणून घरोघर दिवे लावले गेले. वेलिंग्टनच्या घरी त्याच्या पत्नीचे शव होते आणि दिवे नव्हते. जमावाने त्याच्या खिडक्या फोडल्या. पुढे त्याने त्या खिडक्यांस लोखंडी झडपा बसविल्या. १८ जून १८३२, म्हणजे वॉटर्लूचाच वाढदिवस. त्या दिवशी लंडनमध्ये घोड्यावरून जात असता जमावाने त्यास घेरून शिव्याशाप दिले. विजयाची कमाई सतरा वर्षांत कशी खर्ची पडते, ते येथे दिसते.

परंतु त्याचे मोठेपण या रोषानंतरच्या वागणुकीत आहे. मे १८३२ मध्ये ग्रे याने राजीनामा दिला आणि राजाने वेलिंग्टनला प्रधानमंडळ बनविण्यास सांगितले. देशभर सभा, कर न देण्याच्या आणाभाका, बँकेतून सोने काढण्याची हाक अशी स्थिती होती. आपल्याच पक्षाचे लोक साथ देत नाहीत, हे दिसताच त्याने नाद सोडला. आणि सुधारणेचा कायदा पुन्हा उमरावांपुढे आला, तेव्हा तो व त्याचे अनुयायी विरोधी मत न देता सभेतून दूर राहिले. कायदा झाला. सन १८४६ मध्ये धान्यावरील आयातकराचा प्रश्न आला. आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला होता. आयातकर राहावा, असेच वेलिंग्टनचे मत होते. पण पीलचे मत बदलले, तेव्हा राणीचे राज्य चालले पाहिजे, हे कोणत्याही एका कायद्याहून मोठे आहे, असे म्हणून त्याने उमरावांस वळविले आणि कर रद्द करणारा कायदा पार पडू दिला. सन १८५२ च्या १४ सप्टेंबरास तो वारला. नोव्हेंबरात लंडनच्या सेंट पॉल मंदिरात त्याचा अंत्यविधी झाला, त्या वेळी ज्यांनी खिडक्या फोडल्या होत्या त्याच शहराने रस्त्यांवर दाटी केली.

त्याची स्तुती करून थांबणे मराठी माणसास शोभणार नाही. आयुष्याच्या अखेरीस दहा वर्षे तो पुन्हा सरसेनापती होता, आणि त्या काळात सैन्यातील सुधारणा त्याच्या नावाच्या दबावाखाली अडून राहिल्या. शिपायास फटके मारण्याची शिक्षा असावी, याच मताचा तो होता. तसेच, आयर्लंडातील कॅथलिकांपुढे जो नमला, तो त्यांच्या संघटनेपुढे नमला. असईच्या शेतकऱ्यास मत नव्हते, प्रतिनिधी नव्हता, आणि ओकॉनेलही नव्हता. राज्यकर्त्याचे शहाणपण बहुधा प्रजेच्या संघटित बळाच्या प्रमाणात वाढते. आपल्या सरदारांची तोंडे सन १८०३ मध्ये तीन दिशांस नसती, तर वेलस्लीने आपल्याशीही निराळ्या भाषेत बोलणे केले असते.

शिक्षकाचा व्यवसायही काहीसा हुकुमाचाच. वर्गात छडी उचलली की चाळीस मुले गप्प बसतात. त्याच मास्तरने गावच्या सभेत तसे करू पाहिले, तर लोक उठून जातात. सैन्यातून राजकारणात येणाऱ्या मनुष्याची हीच कसोटी असते. धैर्य, शिस्त, स्वार्थत्याग ही शिदोरी तो बरोबर आणतो. तिची लोकराज्यास गरजही असते. परंतु रणांगणावर समोरचा असतो तो शत्रू, आणि सभेत समोरचा असतो तो उद्याचा सहकारी. शत्रूस हटवावयाचे असते, सहकाऱ्यास पटवावयाचे असते. वेलिंग्टन जवळजवळ तीन वर्षे मुख्य प्रधान होता. त्या काळातील त्याचे जे काम टिकले, ते त्याने माघार घेऊन केलेले. आणि तो पडला, तो न हटण्याच्या प्रतिज्ञेमुळे.

अजिंठ्याकडे जाणाऱ्या श्रोत्यांनी कधी वाट वाकडी करून असईच्या शिवारात अवश्य जावे. लढाईची खूण म्हणून तेथे डोळ्यांत भरेल असे फारसे काही नाही. पण नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेली गावे पाहिली, म्हणजे एवढे तरी मनात येईल की, माणसे जेथे एकमेकांकडे जातयेत असतात तेथे उतार असतोच. तो आधी पाहावयाचा असतो. मग नदी उतरावयाची, की तीरावरून परत फिरावयाचे, हे ठरविता येते.